घरच्या आजारी माणसाला सांभाळताय? कोणता अर्ज आधी, कुठे आणि कोणत्या कागदांवर

लकव्यानं अंथरुणाला खिळलेला सासरा, सात वर्षांचं झालं तरी मान न धरलेलं लेकरू, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावा लागणारा भाऊ. अशा माणसाचं हागणं-मुतणं, खाणं, औषधपाणी घरातलं एकच माणूस वर्षानुवर्षं करतं आणि बहुतेक घरांत ती बाईच असते. तिचा रोज बुडतो, कमरेचं दुखणं मागं लागतं, आणि "घरचंच तर आहे" म्हणून त्या कामाची कुठं नोंद होत नाही.

केरळात अशा काळजी घेणाऱ्याच्या हातात दरमहा ६०० रुपये देणारी 'आश्वासकिरणम्' योजना आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात पैसा येतो तो मुख्यतः आजारी माणसाच्या नावानं. कायद्याला मात्र तुमचं काम माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे, तीत पैसे न घेता सांभाळणारे आई-बाप आणि घरचे लोक स्पष्ट धरले आहेत. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना खूप आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. ग्रामसभेत किंवा निवेदनात मागणी करताना हे कलम लिहून द्या.

आता कामाचं. तालुक्याला एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि घरी आजारी माणसाजवळ बसायला कुणीतरी. म्हणून अर्जांचा क्रम महत्त्वाचा. एका कागदावाचून दुसरा अडतो आणि लोक उलट्या टोकानं सुरुवात करून सहा-सहा महिने खेटे घालतात.

पहिलं काम: आधार आणि खातं

जवळपास सगळी मदत आता आधारला जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. इथं सगळ्यात मोठी गफलत अशी की बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं वाटतं. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात पडावेत याची आधारशी नोंद, म्हणजे आधार सीडिंग, वेगळं. ही नोंद एका वेळी एकाच खात्यावर असते. सर्वात शेवटी ज्या बँकेत सीडिंग केलं, पैसे तिकडं जातात. आजोबांनी कधीतरी पीककर्जासाठी दुसरं खातं उघडलं असेल तर 'पगार' तिथं पडतो आणि घरचे जुन्या पासबुकावर शिक्के मारत बसतात. (निराधारच्या पैशाला आपल्याकडे सगळे पगारच म्हणतात, तलाठीसुद्धा.) सेतू केंद्रावर 'माय आधार' संकेतस्थळावरून बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. मात्र त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला लागतो, तो आधी जोडून घ्या.

माणूस उठू शकत नसेल तर पोस्टमन घरी येऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून देतो आणि अंगठ्यावर पैसेही काढून देतो. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ पासून आदेश आहेत. शाखा नाही म्हणाली तर तसं लेखी मागा. म्हाताऱ्या माणसाच्या किंवा कष्टकऱ्याच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. तिथं डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते.

नाव तपासा. आधारवर गंगुबाई, रेशनकार्डावर गंगाबाई, पासबुकावर नुसतं गंगू. एकावर सोपान आणि दुसऱ्यावर सोपानराव. एवढ्यावर अर्ज परत येतात. आधी आधार बरोबर करा, मग बाकीचे कागद त्याच्यासारखे करून घ्या.

दिव्यांग प्रमाणपत्र: पाया इथं आहे

कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे. हातपाय न चालणं, अंधत्व, बहिरेपण हे सगळ्यांना माहीत असतं. पण सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, स्वमग्नता, मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हेही त्यात आहेत. कॅन्सर, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा आजार त्यात नाहीत, पण त्यांचा रस्ता पुढं येतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. सेतू किंवा ग्रामपंचायतीच्या आपले सरकार केंद्रात होतो. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. अर्जात रुग्णालय निवडायचं असतं. तुमचं जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जसं की छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी, यांपैकी तपासणी मंडळ कुठं बसतं आणि त्या अपंगत्वाचा तज्ज्ञ कोणत्या वारी असतो, हे निघण्याआधी फोनवर विचारा. हाडांचे डॉक्टर एका वारी आणि मानसोपचाराचे दुसऱ्या, असं असतं. चुकीच्या वारी गेलात तर गाडी करून नेलेला माणूस तसाच परत आणावा लागतो.

लकवा मारल्यावर लगेच पळू नका. सुधारणा चालू असताना मंडळ कायमचं प्रमाणपत्र देत नाही, साधारण सहा महिने थांबायला सांगतात. तोवर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि औषधाच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून ठेवा. तपासणीच्या दिवशी माणसाला 'बरं दिसावं' म्हणून सजवून, "जमतंय त्यांना" असं सांगू नका. आपली माणसं अब्रूपायी असं बोलतात आणि टक्का कमी येतो. कपडे कोण घालतं, घास कोण भरवतं, रात्री कितीदा उठावं लागतं, हे जसं आहे तसं डॉक्टरांना सांगा.

४० टक्क्यांच्या खाली बहुतेक योजना मिळत नाहीत. ४० ते ७९ ला पिवळं युडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं ओळखपत्र), ८० आणि पुढं निळं. ८० टक्क्यांना वेगळं महत्त्व आहे, कारण केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन त्यापुढंच आणि दारिद्र्यरेषेच्या यादीतल्यांनाच मिळतं. टक्का चुकला असं वाटलं तर त्याविरुद्ध अपील करता येतं. प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख असेल तर ती कॅलेंडरवर लिहा. मुदत संपली की पगारही थांबतो.

उत्पन्नाचा दाखला

तो तहसीलदारांचा, तलाठ्याच्या अहवालावर, सेतूतून मिळतो. लोकसेवा हक्क कायद्यानं १५ दिवसांत मिळायला हवा. अर्जाचा क्रमांक जपा, वेळ टळली तर त्याच क्रमांकावर अपील होतं.

अडचण वेगळीच असते. संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, दिव्यांगांसाठी ५०,००० च्या आत. त्याच घरातल्या पुतण्याच्या शिष्यवृत्तीला गेल्या वर्षी ८०,००० चा दाखला काढलेला असतो आणि रेशनकार्ड एकच. दोन दाखले समोरासमोर आले की अर्ज नामंजूर. भाऊ खरोखर वेगळे राहत असतील, चूल वेगळी असेल, तर आधी रेशनकार्ड वेगळं करा आणि मग दाखला काढा. खोटा आकडा टाकू नका. पुढं तपासणीत निघाला तर घेतलेली रक्कम परत भरावी लागते.

निराधार आणि श्रावणबाळ

१८ ते ६५ वयाला संजय गांधी निराधार अनुदान, ६५ नंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन. दोन्हींत दरमहा १,५०० रुपये. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाले आहेत आणि ही वाढ दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांना आहे.

इथं अनेक घरांचे महिन्याला हजार रुपये अडकलेले आहेत. सासू विधवा म्हणून दहा वर्षांपूर्वी निराधारमध्ये बसली, नंतर तिला लकवा मारला. नोंदीत ती अजून 'विधवा'च आहे. किंवा आजोबा श्रावणबाळमध्ये वयामुळे आले, दिव्यांग म्हणून नाही. अशांनी प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत आपली नोंद दिव्यांग प्रवर्गात करावी, असा साधा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

कॅन्सर, क्षयरोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात अशा आजारामुळे कमावता न येणारा माणूस दिव्यांग प्रमाणपत्राशिवायही निराधारमध्ये बसतो. त्याला शासकीय डॉक्टरांचा दाखला लागतो आणि २१,००० ची मर्यादा लागू होते. बाकी कागद असे: वयाचा पुरावा, महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक, फोटो. विधवा असेल तर पतीचा मृत्यू दाखला. मंजुरी तालुका समिती देते. समितीची बैठकच झाली नाही म्हणून महिने जातात. त्यामुळे पोचपावती हातात ठेवून, पुढची बैठक कधी आहे तेवढं फोनवर विचारत राहा. यासाठी जायची गरज नाही.

पगार चालू झाला की दरवर्षी हयातीचा दाखला. माणूस नेता येत नसेल तर तसं लेखी कळवून तलाठ्यानं घरी येऊन पाहणी करावी अशी मागणी करा. आणि माणूस वारला तर लगेच कळवा, नंतर आलेले हप्ते काढू नका, वसुली लागते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता वारला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्याचे २०,००० रुपये एकरकमी मिळतात, अर्ज त्याच शाखेत.

ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा आहे, नगरपालिकेनंही. युडीआयडीची झेरॉक्स जोडून ग्रामसेवकाकडं लेखी अर्ज द्या आणि गेल्या वर्षी हा निधी कशावर गेला ते ग्रामसभेत विचारा. नुसतं विचारल्यानंही यादीत नाव येतं. लहान गावात रक्कम थोडी असते, पण कमोडची खुर्ची किंवा पाण्याची गादी त्यातून मागता येते. अंथरुणावरच्या माणसाला पाठीच्या जखमा होऊ नयेत यासाठी ती गादी औषधाइतकीच गरजेची आहे.

६५ पूर्ण आणि उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात येतात. वस्तू घेतल्याची पावती जपायची.

तुमच्या स्वतःच्या नावाचं

सांभाळणारी बाई लाडकी बहीणमध्ये असेल तर सासऱ्याच्या निराधार पगारामुळं तिचा हप्ता बंद होत नाही. अट तिच्या स्वतःच्या नावावर दुसऱ्या सरकारी योजनेचे दरमहा १,५०० किंवा जास्त येतात का, ही आहे. हप्ता बंद होईल असं घरात सांगून काही जणी आजारी माणसाचा अर्जच करू देत नाहीत, ते चुकीचं आहे. ई-केवायसी तेवढी वेळेत करा.

तुम्हालाच काही झालं तर आजारी माणसाचं काय, हा प्रश्न रोजचा असतो. वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा (१८ ते ७० वय, अपघात, २ लाख) आणि ४३६ रुपयांत जीवन ज्योती विमा (१८ ते ५० मध्ये घेता येतो, कोणत्याही कारणानं मृत्यू, २ लाख) बँकेत एका फॉर्मवर होतो. हप्ता दरवर्षी मेअखेर खात्यातून कापला जातो. खात्यात तेव्हा पैसे नसले तर विमा गेला. शेतकरी कुटुंबात अपघातानं हात, पाय किंवा डोळा गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानातून १ ते २ लाख मिळतात, वय १० ते ७५. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत प्रस्ताव द्यायचा असतो, आणि लोक दवाखान्याच्या धावपळीत नेमकी हीच मुदत चुकवतात.

पगारदार मुलगा किंवा मुलगी आई-बापाला सांभाळत असेल तर जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी उत्पन्नातून ७५,००० रुपये, ८० टक्क्यांपुढं १,२५,००० रुपये वजा होतात. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, म्हणून दोन्ही हिशोब करून पाहा. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांग मुलांच्या पालकांना विशेष संवर्ग १ मध्ये प्राधान्य असतं.

नातवंडं सांभाळणारी आजी

बाप गेला, आई माहेरी किंवा वारलेली, आणि दोन लेकरं आजीकडं. मराठवाड्यात गावोगावी अशी घरं आहेत आणि ही आजीसुद्धा काळजीवाहकच आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा प्रत्येक मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अनाथ, एकच पालक असलेली, किंवा आई-बाप कॅन्सर, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा गंभीर आजारानं पडलेली मुलं यात बसतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा, घरी चौकशी होते आणि आदेश बाल कल्याण समिती देते. मृत्यू दाखला, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, मुलाचं बँक खातं आणि घरासमोर मुलासोबतचा फोटो लागतो. समितीसमोर मुलाला न्यावं लागतं, तेव्हा शाळेच्या परीक्षेचा दिवस टाळून तारीख मागा.

आई-बाप उसाच्या फडावर गेले आणि लेकरं म्हाताऱ्यांकडं असतील तर शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर आहे का ते दिवाळीआधी मुख्याध्यापकांना विचारा. आजीचं निदान दोन वेळचं रांधणं तरी वाचतं. दिव्यांग मूल शाळेत जात असेल तर समग्र शिक्षामधून प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता असतो. तो गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकामार्फत मागायचा.

दवाखाना आणि प्रवास

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना आहे, पांढऱ्या कार्डालाही, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दाखल होताच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवू, असं होत नाही. रुग्णालय यादीत आहे का ते १५५३८८ वर विचारता येतं. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढून घ्या. योजनेत न बसणाऱ्या उपचाराला मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत, आणि त्याचा कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयातही आहे. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा १ लाख ८० हजारांच्या आतल्यांना मोफत आणि आणखी १० टक्के ३ लाख ६० हजारांच्या आतल्यांना सवलतीत असतात. पण हे रुग्णालय आपणहून सांगत नाही, मागावं लागतं. क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात.

एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांपुढं असेल तर सोबतच्या मदतनीसालाही निम्मं तिकीट. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांना मोफत प्रवासाची सोय आहे, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला दाखवावा लागतो. मुंबईला कॅन्सरसाठी देवगिरी एक्स्प्रेसनं जात असाल तर स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. हे तिकीट रेल्वेच्या खिडकीवरच, रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर काढायचं.

भावांनी हात झटकले तर

आई-वडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा मुलगे, मुली आणि सज्ञान नातवंडांना बांधील धरतो. सून त्यात नाही. म्हणजे जी रोज करते तिच्यावर कायद्याचं बंधन नाही, आणि ज्यांच्यावर आहे ते पुण्याला. आई किंवा वडील उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साध्या कागदावर अर्ज करू शकतात, वकील लागत नाही, त्यांच्या वतीनं त्यांनी नेमलेला माणूसही अर्ज करू शकतो. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता ठरतो आणि नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. अर्जात औषध, डायपर, गाडीभाडं यांचा तीन महिन्यांचा लेखी हिशोब जोडा. सांभाळण्याच्या अटीवर शेत नावावर करून घेतलं आणि मग सोडून दिलं, तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. बोलायला १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

तुमच्या माघारी

मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग लेकरू १८ चं झालं की कायद्यानं सज्ञान होतं, आणि त्याच्या खात्यातून तुम्हालाही पैसे काढता येत नाहीत. म्हणून १८ पूर्ण होताच जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करा. त्याच कायद्याखालचा निरामय आरोग्य विमा याच चार प्रकारच्या अपंगत्वाला वर्षाला १ लाखापर्यंत मिळतो, वयाची अट नाही आणि आधी तपासणी नाही. नोंदणी दारिद्र्यरेषेखाली २५० रुपये, इतरांना ५००. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

घरात कुणी सरकारी नोकर किंवा निवृत्त असेल तर दिव्यांग मुलाचं नाव कुटुंब निवृत्तीवेतनासाठी ते हयात असतानाच कार्यालयात लावून घ्यावं. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनमध्येही कायम पूर्ण अपंग मुलाला आयुष्यभर पेन्शन आहे. आणि सगळे मूळ कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्ससह ठेवून ती कुठं आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा. अर्जांचे क्रमांक, खातं कोणत्या बँकेत, हयातीचा दाखला कोणत्या महिन्यात द्यायचा आणि औषध किती वाजता, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पिशवीत सगळ्यात वर ठेवा.